हप्त्यावर आलेलं मशीन

आमच्या बचत गटांच्या बैठकीत कर्जाचे अर्ज निघाले की शेळी, पिठाची गिरणी आणि शिलाई मशीन ही नावं ठरलेलीच. शेळीचा अर्ज पाच मिनिटांत मंजूर होतो. मशीनवर मात्र तासभर बोलणं चालतं. एक म्हणते, आत्याचं जुनं काळं मशीन तेल घालून चालू करू. दुसरीला शोरूममधलं, पडद्यावर आकडे दिसणारं, साठ टाके घालणारं मशीन हवं असतं. म्हणून आज ही मशीनं आपल्या घरापर्यंत कशी आली ते बोलू. निवडीचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

सुरुवात फ्रान्सची. बार्तेलेमी तिमोनिए या शिंप्यानं १८३० मध्ये एका दोऱ्यानं साखळी टाका घालणाऱ्या मशीनचं पेटंट घेतलं आणि पॅरिसमध्ये सैन्याचे कपडे शिवायचा कारखाना निघाला. पुढच्याच वर्षी तिथल्या शिंप्यांनी चाल करून मशीनं फोडली. पोटावर पाय येणार ही भीती होती. त्याच सुमारास अमेरिकेत वॉल्टर हंटनं दोन दोऱ्यांचं मशीन बनवलं, पण पेटंट घेतलं नाही. हातशिलाईवर जगणाऱ्या बायकांचं काय होईल, असं त्याच्या मुलीनंच विचारलं, अशी गोष्ट सांगतात.

मग १८४६ मध्ये एलियास होव यानं पेटंट घेतलं. सुईचं नेढं टोकाशी, वरून एक दोरा, खालून दुसरा, आणि कापडाच्या मधोमध दोघांची गाठ. आपण आज बॉबिन भरून जो टाका घालतो, तो हाच. काळं मशीन घ्या की कॉम्प्युटरचं, सरळ शिवण पडते ती याच टाक्यानं. दुकानदार पडद्यावरची चित्रं दाखवू लागला की एवढं लक्षात असू द्या.

आयझॅक सिंगर आला १८५१ मध्ये. त्यानं सुई उभी चालवली, कापड दाबायला फूट दिला, पायानं चालवायची सोय केली. होवनं त्याला कोर्टात खेचून पैसे वसूल केले, ते वेगळं. पण आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट केली ती सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानं. मशीनची किंमत शंभर डॉलरच्या घरात, साध्या कुटुंबाला न झेपणारी. क्लार्कनं १८५६ च्या सुमारास हप्ते सुरू केले. थोडे पैसे भरा, मशीन घरी न्या, बाकीचे महिन्याला द्या. हप्ता थकला की मशीन परत जायचं. घराघरांत मशीन पोचलं ते या हप्त्यामुळे.

हाच हप्ता भारतातही आला. मुंबईचे पारशी गृहस्थ नसरवानजी पटेल यांनी सिंगरची एजन्सी वर्षानुवर्षं सांभाळली. पण गिऱ्हाईक होते ते बहुतेक पुरुष शिंपी. कारण सरळ आहे. आपलं लुगडं नऊवार, पुरुषांचं धोतर, त्याला शिवण लागतेच कुठे? खणाची चोळी हातानं शिवली जायची, गोधडीला धावदोरा. झंपर, परकर, मुलांच्या शाळेचे कपडे आले तसं मशीनचं काम वाढलं. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सेवासदन सुरू केलं. विधवा, परित्यक्ता बायकांना तिथं शिकवलेल्या कामांत शिवणही होती. ज्या बाईला माहेरी-सासरी हक्काचा घास नव्हता, तिच्या हाती मशीन आलं.

गांधीजी यंत्रांवर टीका करत, हे आपण शाळेत शिकलो. पण १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त आलेल्या एका संवादात त्यांनी शिलाई मशीन त्यातून वगळलं. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरनं मशीन शोधलं, असं ते म्हणाले होते. सिंगरचे एकाच वेळी चाललेले अनेक संसार पाहता ही गोष्ट त्याला काही शोभत नाही. घरखर्चासाठी शिवणारी बायको होती ती होवची, असं सांगतात. पण माणसाचे कष्ट हलके करणारं यंत्र चालेल, हा गांधीजींचा मुद्दा आम्हाला पटतो.

१९३० च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनीअरिंगमधून ‘उषा’ आलं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली आणि देशी मशीनचा जम बसला. लुधियानात तर मशीन आणि सुटे भाग करणारे कारखाने गल्लोगल्ली झाले. यातली बरीच घरगुती काळी मशीनं सिंगरच्या जुन्या १५ नंबरच्या घडणीवर बेतलेली. म्हणून त्यांची सुई, बॉबिन, शटल तालुक्याच्या बाजारात आजही मिळतं, आणि कुठल्याही कंपनीचं मशीन मिस्त्री डोळे झाकून उघडतो. ही सोय शोरूममध्ये कुणी सांगत नाही.

पुढचा टप्पा विजेचा. सिंगरचं विजेवरचं मशीन १८८९ मधलं, पण आपल्याकडे खेड्यात त्याचा उपयोग वीज आल्यावरच. सुई डावी-उजवीकडे हलवणारी झिगझॅग मशीनं आली आणि काज, पिको, कडा पक्क्या करणं घरी होऊ लागलं. १९७५ मध्ये सिंगरचं इलेक्ट्रॉनिक ‘अथेना २०००’ आणि १९७९ मध्ये जपानच्या जानोमेचं ‘मेमरी ७’ आलं. टाक्याचे नमुने मशीनच्या स्मरणात राहू लागले. आजचं कॉम्प्युटरचं मशीन त्यांचंच वंशज. काज एकसारखी पडतात, सुई हवी तिथं थांबते, हे खरंच. पण आत सर्किटचा बोर्ड असतो. आमच्या एका गटातल्या ताईंचा बोर्ड ऐन लग्नसराईत गेला. मशीन शहरात पाठवावं लागलं, दीड महिना परत आलं नाही. ब्लाउज दुसरीकडे गेले, हप्ता मात्र ठरल्या तारखेला आला.

म्हणून आम्ही बैठकीत आधी विचारतो, रोज शिवणार काय? ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश असतील तर काळं मशीनच घ्या. त्याला मोटर बसवता येते, आणि वीज गेली की पट्टा चढवून पायानं चालवता येतं. पिको-फॉल आणि काज करायची असतील तर साधं झिगझॅग पुरतं. भरतकामाच्या ऑर्डरी आधीच हातात असतील तरच कॉम्प्युटरचं बघा, आणि दुरुस्तीवाला किती लांब आहे तेही त्याच दिवशी विचारा. गणवेशाचे गठ्ठे घेणाऱ्या गटाला कारखान्यातलं मोठं मशीन लागतं. ते घेताना सर्वो मोटरच मागा. जुनी क्लच मोटर शिवण थांबली तरी फिरत राहते आणि वीज खाते.

हिशेब असा करा. गटाचं कर्ज १०,००० रुपये, व्याज महिना शेकडा २, म्हणजे पहिल्या महिन्याचं व्याजच २०० रुपये. त्यात मुद्दलाचा हप्ता मिळवा आणि एका ब्लाउजच्या शिलाईतून दोरा-अस्तर वजा करून जे उरतं त्यानं भागा. जेवढे ब्लाउज येतील तेवढे दर महिन्याला खात्रीनं मिळतात का?

जुनं मशीन घेणार असाल तर पट्टा काढून चाक हातानं फिरवा, अडकलं नाही पाहिजे. सुईचा दांडा हलवून बघा, डुगडुगला तर सोडून द्या. दाते झिजलेत का, बोट लावा. सिंगरवर कोरलेल्या नंबराआधी इंग्रजी ‘एफ’ किंवा ‘वाय’ असेल तर ते स्कॉटलंडच्या क्लाइडबँक कारखान्यातलं, विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतलं. नुसता गंज बघून भंगारात घालू नका. चार दिवस तेलात मुरू द्या, मग मिस्त्रीला दाखवा.

नवं घेणार असाल तर घरून खणाचा, सुती आणि जॉर्जेटचा एकेक तुकडा न्या. दुकानातल्या कडक कापडावर कुठलंही मशीन छानच शिवतं. आणि बिल स्वतःच्या नावावर करून घ्या, नवऱ्याच्या किंवा दिराच्या नाही. गटाचं कर्ज तुमच्या सहीवर निघालेलं असतं.