चांद्याच्या रानातील ख्रिस्तागमन

'नाताळ' हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्याचा अर्थ जन्मदिवस, एवढाच. परंतु ख्रिस्ती पंचांगात ह्या दिवसापूर्वी चार रविवारांचा एक निराळा काळ मानलेला असून त्यास आगमनकाळ म्हणतात. हे नाव ज्या लॅटिन शब्दावरून आले तो शब्द मूळचा देवळातला नव्हे, राजदरबारातला होय. रोमचा सम्राट वा त्याचा सुभेदार एखाद्या नगरात प्रवेश करी, तोरणे लागत, नागरिक वेशीबाहेर सामोरे जात; त्या थाटाच्या प्रवेशास 'आद्वेन्तुस' म्हणत. हाच शब्द ख्रिस्ती समाजाने एका परगावच्या गोठ्यात जन्मलेल्या, सुताराच्या घरच्या मुलाच्या येण्यासाठी उचलला. २५ डिसेंबर ह्या तारखेचा सर्वात जुना लेखी पुरावा रोममधील इसवी सन ३५४ च्या एका पंचांगात सापडतो. म्हणजे सण ठरावयास तीनशेहून अधिक वर्षे लागली, आणि जेव्हा तो ठरला तेव्हा ख्रिस्ती धर्म राजाश्रयाच्या छत्राखाली आला होता. राजाचे येणे आणि गोठ्यात येणे ह्या दोन कल्पनांची ओढाताण त्या शब्दात तेव्हापासून आहे. ती पाहावयास युरोपात जाण्याचे कारण नाही. वैनगंगेपलीकडच्या रानात, पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात व आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीत, ती पुरती पाहावयास मिळते.

बाराव्या शतकातील क्लेर्व्होचा मठाधिपती बर्नार्ड ह्याने ख्रिस्ताची आगमने तीन मानली. एक देह धारण करून झालेले, ते होऊन गेले. एक अखेरचे, न्यायनिवाड्याचे, ते व्हावयाचे आहे. ह्या दोहोंच्या मध्ये तिसरे, गुप्त आगमन. ते माणसाच्या अंतःकरणात रोज होते आणि ते ओळखणे सर्वात अवघड. ख्रिस्ती माणसाने आज कसे जगावे हा प्रश्न खरे पाहता ह्या मधल्या आगमनाचा आहे.

मराठीत ह्या आगमनाची कथा प्रथम विस्ताराने सांगितली ती फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेझुइटाने. तो १५७९ मध्ये गोव्यास आला, आणि त्याचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. ह्या ग्रंथाची रचना ध्यानात घेण्याजोगी आहे. पहिल्या पुराणाचे छत्तीस अवस्वर सृष्टीच्या उत्पत्तीपासून इस्राएलाच्या वाट पाहण्यापर्यंतचे आहेत. ख्रिस्त येतो तो दुसऱ्या पुराणात. वाचकाला आधी हजारो ओव्या वाट पाहावयास लावून मग जन्माची वार्ता द्यावयाची, ही युक्ती पुराणिकाला साजेशीच म्हटली पाहिजे. असो.

चांद्याच्या मुलुखात ही वार्ता पोचावयास आणखी अडीच शतके गेली. १८४५ मध्ये स्टीफन हिस्लॉप नागपुरास आला. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा हा मिशनरी जितका उपदेशक तितकाच भूगर्भशास्त्राचा नादी. सिरोंचाजवळील कोटा गावच्या चुनखडकातील माशांच्या अवशेषांचाही त्याने विचार केला होता. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्याने गोंडांचे लिंगोगीत उतरून घेतले. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटकडील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना तो पुराच्या ओढ्यात बुडून मरण पावला. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८६६ मध्ये छापून काढले. त्या गीतात गोंडांचे पूर्वज एका गुहेत कोंडले गेले आहेत, तोंडावर मोठी शिळा आहे, आणि लिंगो येऊन त्यांची सुटका करतो, त्यांना कुळे लावून देतो, देव सांगतो, आणि शेवटी देवांकडे निघून जातो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची गुहा तीच, अशी श्रद्धा असून माघी पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते.

गुहेच्या तोंडावरून शिळा सरकणे ही गोष्ट कोणाही ख्रिस्ती माणसाच्या कानाला ओळखीची वाटावी. ज्यांच्याजवळ सुटका करणाऱ्याच्या येण्याची कथा पिढ्यान्‌पिढ्या गाइली जात होती त्यांच्याशी बोलणे सुरू करण्यास ह्याहून चांगले दार कोणते? पण ते दार उघडून पाहण्याची बुद्धी त्या काळी फार थोड्यांना झाली. गीत संशोधकांच्या कपाटात गेले आणि उपदेश दुसऱ्याच भाषेत चालू राहिला. विल्यमसन ह्या मिशनऱ्याचे गोंडी व्याकरण निघाले ते १८९० मध्ये, आणि तेही मंडल्याकडच्या बोलीचे. भामरागडच्या माडियाला ते परकेच होते.

भाषेपेक्षाही मोठी अडचण निराळी होती. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये कंपनी सरकारने खालसा केले, त्याबरोबर चांदाही गेला. १८५८ मध्ये गोंड जमीनदार घराण्यातील तरुण बाबूराव शेडमाके ह्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. त्या पिंपळाची आठवण चंद्रपूर आजही काढते. ह्यानंतर जेमतेम एका तपाने जी वार्ता त्या गावात आली ती ज्या जहाजातून आली त्यावर तेच निशाण होते. दूत कितीही सात्त्विक असला तरी ऐकणाऱ्याला राजाचा प्रवेश आधी दिसला आणि गोठा मागाहून, ह्यात त्याचा दोष काढता येत नाही.

तरीही पहिल्या दूतांपैकी एक साहेब नव्हता, ही नियतीची मोठी मौज. स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने १८७० नंतरच्या वर्षांत चांद्याचे मिशन हाती घेतले, त्याच्या आरंभकाळात तेथे राहिलेले धर्मगुरू म्हणजे नेहेम्या गोऱ्हे. मूळचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण. न्याय, वेदान्तात मुरलेले. मिशनऱ्यांना वादात जिंकावे म्हणून बायबल हाती घेतले आणि १८४८ मध्ये जौनपुरास बाप्तिस्मा घेऊन बसले. त्यांचा 'षड्दर्शनदर्पण' १८६० चा. पुढे पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर ज्यांचा ठसा उमटला ते हेच गोऱ्हे. हा मनुष्य आयुष्यभर संन्याशासारखा राहिला. साधे अन्न, जाडेभरडे वस्त्र, आणि सतत आपल्याच श्रद्धेची कठोर झडती. सहा दर्शनांचे खंडन करणाऱ्या ह्या पंडिताने उतारवयात असे प्रतिपादन केले की, ज्यू लोक वगळता ख्रिस्ताच्या स्वीकारासाठी हिंदूंइतकी पूर्वतयारी ईश्वराने दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राची केलेली नाही; अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता व क्षमा ह्यांचे मोल ह्या भूमीला आधीच ठाऊक होते. म्हणजे स्टीफन्सच्या पहिल्या पुराणासारखे एक वाट पाहण्याचे पुराण हिंदुस्थानाचेही आहे, असेच ते म्हणत होते. गोंडांच्या लिंगोपर्यंत मात्र त्यांचीही दृष्टी गेली नाही. शास्त्री आणि रान ह्यांच्यातले अंतर स्कॉटलंड आणि रान ह्यांच्यातल्या अंतराहून फार कमी नसते.

ह्याच प्रदेशाच्या सीमेवर आणखी एक मराठी माणूस ह्या वार्तेला अवचित सामोरा गेला. १८९३ मध्ये राजनांदगावच्या वाटेवर, आगगाडीच्या डब्यात, नारायण वामन टिळकांना एका अनोळखी युरोपियनाने नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांचे पुढचे चरित्र मराठी वाचकाला लक्ष्मीबाईंच्या लेखणीमुळे घरच्यासारखे परिचित आहे, तेव्हा त्याचा विस्तार नको. ज्या जातीजमातींच्या पलीकडच्या बंधुत्वाचा त्यांनी ध्यास घेतला त्याचे 'देवाचा दरबार' हे रूप १९१७ चे. दरबार हा शब्द पुन्हा राजाचाच. पण त्यात बसावयाचे ते जमिनीवर.

कसोटीचा प्रसंग आला तो १९३० नंतर. नागपूरचे बिशप तेव्हा अलेक्झांडर वुड होते. चांद्याच्या मिशनात कित्येक वर्षे काढून पुढे छोटा नागपूर व मग १९२६ पासून नागपूर अशी त्यांची पदोन्नती झाली होती. रानातील माणसे त्यांच्या माहितीची होती. त्यांच्यापुढे वेरिअर एल्विन हा तरुण इंग्रज पाद्री आला. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून निघून, गांधीजींच्या छायेत वावरून, जमनालाल बजाजांच्या सूचनेने त्याने गोंडांमध्ये राहण्याचे ठरविले होते. सोबत शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती मित्र. बिशपांनी परवाना देण्यापूर्वी सरकाराशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मागितली. एल्विनने ती नाकारली. परवाना मिळाला नाही, आणि १९३२ मध्ये हे दोघे मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे आपल्या जबाबदारीवर झोपडी बांधून राहिले. १९३५ मध्ये एल्विनने चर्चच सोडले.

ह्या प्रकरणात बिशप वुड ह्यांना खलपुरुष ठरविणे सोपे आहे, परंतु न्याय्य नाही. ज्या माणसाने आपले उमेदीचे दिवस चांद्याच्या उन्हात घालविले तो आदिवासींचा वैरी नव्हता. त्याला सम्राटाचे राज्य आणि ख्रिस्ताचे येणे ह्यांमधली रेघ दिसत नव्हती, इतकेच; आणि ती न दिसणारे तो एकटाच नव्हता. उलट एल्विननेही पुढे अशी टोकाची भूमिका घेतली की रानातल्या माणसाला कोणीच नवी वार्ता सांगू नये. १९४४ च्या सुमारास मंडल्यातील डच मिशनऱ्यांविरुद्ध त्याने मोहीम उघडली. आदिवासीने कशावर विश्वास ठेवावा हे दोन्ही पक्षी बाहेरचाच माणूस ठरवीत होता, हे त्या वादात कोणाच्या लक्षात आलेले दिसत नाही. शामराव हिवाळे मात्र गोंडांच्या औषधपाण्यात, तंट्याबखेड्यांत, शाळांत गुंतून राहिले. त्यांच्यावर लिहिले गेले कमी.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी ह्यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. अहवाल १९५६ चा. चांदा तेव्हा त्याच राज्यात होता. अहवालाने धर्मांतराविषयी कठोर शेरे मारले, ख्रिस्ती संस्थांनी ते एकतर्फी ठरविले. आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चांद्यात हजारोंना बौद्ध धम्माची दीक्षा दिली. तेथे परकी पैसा नव्हता की परकी निशाण नव्हते. माणूस धर्म बदलतो तो नेहमी कोणाच्या तरी फशी पडूनच, हे म्हणणे त्या दिवसानंतर चांद्यात तरी कोणी फार जोराने करू नये.

१९६२ मध्ये चित्र पालटले. केरळातील सीरो-मलबार कॅथलिकांकडे चांद्याचे क्षेत्र सोपविण्यात आले, आणि सी. एम. आय. संघाचे फादर जनुआरियस त्याचे प्रमुख झाले. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला, आसन बल्लारपूर. एके काळच्या गोंड राजधानीत, कागद-कारखान्याच्या आणि कोळशाच्या गावात, आता वार्ता आणणारे हिंदीच होते. ह्या पंथाचे धार्मिक वर्ष सुरू होते त्या आरंभीच्या आठवड्यांस सिरियाक भाषेत 'सुबारा' म्हणतात. सुबारा म्हणजे शुभवार्ता. पश्चिमेचा शब्द येणाऱ्या राजाकडे पाहतो, तर पूर्वेचा हा शब्द नाझरेथच्या एका मुलीच्या कानी पडलेल्या निरोपाकडे. परंतु निशाण गेले म्हणून परकेपण आपोआप जात नाही. मल्याळी धर्मगुरूला मराठी शिकावी लागते, आणि मराठी आल्यावर कळते की एटापल्लीच्या पाड्यावर मराठीही पाहुणीच आहे.

मग हे मधले, गुप्त आगमन ओळखावे कसे? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायासनापुढे उभ्या असलेल्यांना धर्ममत विचारले जात नाही. भुकेल्याला अन्न दिले की नाही, आजाऱ्याकडे गेलात की नाही, एवढेच विचारले जाते, आणि ज्यांनी ते केले त्यांना आपण कोणासाठी केले हे ठाऊकही नसते. चांद्याच्या ख्रिस्ती माणसाला हा अध्याय वाचताना थोडे अवघडल्यासारखे व्हावे अशी परिस्थिती आहे. कारण त्या यादीतले पुष्कळ काम त्याच्या जिल्ह्यात ज्यांनी केले ते ख्रिस्ती नव्हते. वरोऱ्याजवळ कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभे राहिले १९४९ मध्ये, ते बाबा आमट्यांच्या हातून. भामरागडच्या वाटेवर हेमलकशाला १९७३ च्या २३ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दोनच दिवस आधी, माडियांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तोही त्यांचाच. ह्यावरून मिशनच्या दवाखान्यांचे व शाळांचे मोल कमी होत नाही. परंतु आगमनाची मक्तेदारी कोणाकडेही नाही, हे त्यावरून कबूल करावे लागते.

आणि नाताळ हा अखेर एका नवजात अर्भकाचा सण आहे. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांनी तेथे 'सर्च' ही संस्था स्थापन केली. १९९३ ते १९९५ ह्या काळात त्यांच्या पाहणीतील गावांत जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत होती. रुग्णालय दूर, रस्ता पावसाळ्यात बंद, बाळंतपण घरीच. त्यांनी ३९ गावांतील थोड्या शिकलेल्या बायकांना शिकवून तयार केले. बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, गारठलेल्या बाळाला ऊब देणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, अशी कामे ह्या आरोग्यदूत घरोघर जाऊन करू लागल्या. तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, अर्भकांचे हे मरण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ही हकीकत प्रसिद्ध झाली आणि दूरदूरच्या देशांतून ती वाचली गेली. ज्या घरांत ह्या बायका पिशवी घेऊन शिरल्या त्यांपैकी बहुतेक घरांत बाळंतिणीसाठी निराळी खोली नव्हती. चूल, धान्याच्या कणग्या आणि बाळ ही एकाच छपराखाली होती.