नक्कल आहे, पण उघडते का?

श्रोतेहो, पूर्वी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी रुमालात बांधलेले असे. आज कचेरीचे, शाळेचे सारे दप्तर एका संगणकाच्या पोटात राहते. त्याला फाइल सर्व्हर म्हणतात.

या यंत्रातली तबकडी बिघडली तर? १९८८ साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ यांनी तोड मांडली. अनेक स्वस्त तबकड्या अशा जोडायच्या, की एक बिघडली तरी काम अडू नये. पण माणसानेच चुकून मजकूर पुसला, तर तो साऱ्या तबकड्यांवरून जातो!

१९९८ साली कॅलिफोर्नियातील पिक्सार कंपनीत तसेच झाले. ‘टॉय स्टोरी २’ चित्रपटाचे काम चालू असता चुकीची आज्ञा दिली गेली आणि पाहता पाहता बहुतेक चित्रपट सर्व्हरवरून पुसला गेला. टेपवर नक्कल होती ना? होती, पण ती नीट निघतच नव्हती, आणि हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. गेलिन सुसमन या बाई तान्ह्या बाळामुळे घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक पांघरुणांत गुंडाळून मोटारीतून आणला, तेव्हा काम वाचले.

तेव्हा गुरुजी, एक नक्कल दुसऱ्या इमारतीत ठेवा. महिन्यातून एकदा तिच्यातली फाइल परत काढून वाचून पाहा. आणि यंत्र बदलाल, तेव्हा नव्यावर सारे उघडेपर्यंत जुने मोडीत घालू नका.