माळव्यात येणारा समुद्र

धार जिल्ह्यातील बाघ हे गाव बहुतेकांस ठाऊक असते ते तेथील बौद्ध लेण्यांमुळे. परंतु त्याच परिसरातील चुनखडीच्या थरांत शिंपल्यांचे आणि शार्क माशांच्या दातांचे अवशेष सापडतात. त्यांवरून भूशास्त्रज्ञ असे सांगतात की, सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा येथवर आला होता. पुढे तो ओसरला आणि त्या भूमीवर महाकाय डायनोसॉरांनी अंडी घातली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तेथील ९२ घरट्यांची आणि २५६ अंड्यांची नोंद आहे.

आज धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने समुद्रापासून दोनशे किलोमीटरांहूनही दूर आहेत. धारच्या मुंज तलावाचे पाणी गोडे, देवासच्या तलावाचे तर नावच ‘मीठा’. अशा ठिकाणी समुद्रातला मासा घरात वाढेल, एवढेच नव्हे तर त्याची पिल्लेही घरातच मोठी होतील, असे पूर्वी कोणी म्हटले असते तर ते हसण्यावारी नेले गेले असते. आज मात्र हे शक्य झाले आहे. ते कसे शक्य झाले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

त्याचा आरंभ इंग्लंडात झाला. फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली काचपात्रातील जलजीवनावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्याच सुमारास क्षार मिसळून कृत्रिम समुद्रजल तयार करण्याची रीतही दाखवून दिली. समुद्र आता घागरीत करता येऊ लागला. परंतु या ज्ञानाचे फळ कडूही निघाले. हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या आणि खडकांतील सुंदर डबकी त्यांनी ओरबाडून रिकामी केली. गॉसच्या मुलाने, एडमंड गॉस याने, १९०७ साली लिहिलेल्या आत्मचरित्रात या उजाडपणाबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. पाणी करता आले, पण प्राणी करता येईनात. म्हणून जे हवे ते समुद्रातूनच ओढून आणावयाचे, अशी ती अवस्था होती.

पुढे प्रवाळखडकांवरील रंगीत माशांची हौस वाढली, तेव्हा हेच घडले. फिलिपाइन्सच्या समुद्रात १९६० नंतर सायनाइडचे विषारी पाणी फवारून मासे गुंगवून धरू लागले. मासा हाती येई. पण पुष्कळ मासे दगावत आणि भोवतालचे प्रवाळही मरून जात.

अशा माशांत विदूषक मासा विशेष लोकप्रिय. केशरी अंगावर पांढरे पट्टे, आणि राहणे समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या हातांत. तेथे इतर मासे फिरकत नाहीत, म्हणून याला अभय मिळते. याची गृहव्यवस्थाही नवलाची. मादी जवळच्या खडकावर काही शे अंडी चिकटवते, आणि नर परांनी वारा घालावा तसे पाणी हलवून त्यांची राखण करतो. मादी मेली, तर तोच नर काही काळाने मादी होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली ही गोष्ट शास्त्रीय जगापुढे मांडली.

काचेच्या पेटीतही हे जोडपे अंडी घालते. अडचण होती ती पुढची. साधारण आठवड्याने, अंधार पडल्यावर थोड्याच वेळात, अंडी फुटतात आणि तीन-चार मिलिमीटर लांबीचे डिंभ बाहेर पडतात. डिंभ म्हणजे माशाची अगदी पहिली, अपक्व अवस्था. त्यांचे तोंड इतके लहान असते की, नेहमीचे खाद्य त्यात मावत नाही. आणि हलत नसलेला कण त्यांना अन्न म्हणून ओळखू येत नाही. भरल्या पेटीत ती बाळे उपाशी मरत.

ही कोंडी दोन टप्प्यांनी फुटली. १९३३ साली सील आणि १९३९ साली रोलेफसेन यांनी दाखवून दिले की, आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील चिमुकल्या कवचधारी जीवाची नुकती जन्मलेली पिल्ले माशांच्या डिंभांना उत्तम मानवतात. परंतु विदूषक माशाच्या पहिल्या दिवसांना तीही मोठी पडत. मग १९६० साली जपानात इतो यांनी रोटिफर हा सूक्ष्मजीव पुढे आणला. मिलिमीटरच्या पाव भागाएवढा हा जीव. ईल माशांच्या तळ्यांत तो उपद्रवी म्हणून गणला जात असे. ज्याला हाकलावयाचे, तोच पोशिंदा ठरला! १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत फ्लोरिडातील मार्टिन मो यांनी हे माशांचे संगोपन व्यापारी प्रमाणावर यशस्वी केले. ही किमया कोणा भव्य प्रयोगशाळेत नव्हे, तर घराच्या मोटारखान्यात घडली.

रीत सांगायला सोपी आहे. डिंभ प्रकाशाकडे धावतात. म्हणून अंधारात एका कोपऱ्याशी दिवा धरून त्यांना अलगद वेगळ्या पेटीत घ्यावयाचे. पेटीच्या बाजू काळ्या ठेवावयाच्या, म्हणजे त्यांना भक्ष्य दिसते. पहिले काही दिवस रोटिफर, पुढे आर्टेमिया. आणि दहा-पंधरा दिवसांत अंगावर पांढरा पट्टा उमटला की निम्मी लढाई जिंकली. पण या पंधरवड्यात एक दिवसही चुकून चालत नाही. रोटिफर संपले किंवा पाण्यात अमोनिया साठला, की सकाळी तळाशी पांढरा थर तेवढा उरतो.

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मंडपम् येथे सेबा जातीच्या विदूषक माशाचे प्रजनन व डिंभसंगोपन साधून २००१ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. महाराष्ट्रातही ऐरोलीच्या खाडीकाठी या माशांचे बीजकेंद्र उभे राहिले. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे दार १९५१ साली उघडले, तेव्हा मराठी माणसाने सागरी मासे काचेमागे पाहिले. ते पेटीत जन्मलेले नव्हेत, समुद्रातून धरून आणलेले होते. आता जन्मही काचेमागेच होऊ शकतो.

या प्रगतीचे मोल कौतुकापुरते नाही. पेटीत वाढलेला प्रत्येक मासा म्हणजे प्रवाळखडकावर राहू दिलेला एक मासा, असे होऊ शकते. मात्र घेणाऱ्याने विचारले तरच. धारमध्ये वा देवासमध्ये कोणी हा मासा विकत घेऊ लागला, तर त्याने किमतीच्या आधी एकच प्रश्न करावा: हा धरलेला आहे की वाढवलेला? गॉसच्या काळी हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण त्याला दुसरे उत्तरच नव्हते. आज ते आहे. नऊ कोटी वर्षांपूर्वी समुद्र माळव्यात आपल्या पायांनी आला होता. आता त्याला आणावयाचे, तर मागचा किनारा उजाड न करता आणावे, एवढी जबाबदारी माणसावर आहे.