पदवीनंतरची परीक्षा

डॉक्टरची पदवी हाती आली की शिक्षण संपले, अशी आपली समजूत असते. इतिहास निराळे सांगतो.

इ. स. ९३१ मध्ये बगदाद शहरी एका वैद्याच्या चुकीने रोगी दगावला. खलिफा मुक्तदिर यांनी सिनान इब्न साबित यांस वैद्यांची परीक्षा घेण्याचा हुकूम दिला. ८०० हून अधिक वैद्य तपासले गेले.

आपल्याकडे १९१२ च्या मुंबई वैद्यकीय कायद्याने डॉक्टरांची नोंदणी सुरू झाली. परंतु पुढे शिकत राहण्याची सक्ती नव्हती. अमेरिकेत १९८१ साली डॉक्टरांसाठी वर्ग चालविणाऱ्या संस्थांनाच पारखून मान्यता देणारी परिषद स्थापन झाली. भारतात २००२ च्या नियमांनी दर ५ वर्षांत ३० तासांचे शिक्षण सांगितले. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने नोंदणीच्या नूतनीकरणाशी त्याची सांगड घातली आणि व्याख्याने भरविणाऱ्या संस्थेलाही मान्यता आवश्यक केली. शिकणाऱ्याप्रमाणेच शिकविणाराही तपासला जावा, हे त्यातील मर्म.

तेव्हा उल्हासनगर, अंबरनाथ वा बदलापुरात दवाखान्याची पायरी चढाल, तेव्हा भिंतीवरचा नोंदणी क्रमांक अवश्य वाचा; नूतनीकरण झाले का, हे विचारण्यात संकोच नको. आणि मुलांनो, डॉक्टर व्हायचे असेल, तर जन्मभर विद्यार्थी राहण्याची तयारी आजपासूनच ठेवा.