‘बेपत्ता’ ही नोंद : ‘हंप’ हवाईमार्गावरील विमान-अपघात व त्यांतील माणसे

दुसऱ्या महायुद्धात आसामातून चीनकडे जाणाऱ्या हवाईमार्गावर जी विमाने कोसळली, त्यांच्या शोधाचा हिशेब १९४५च्या अखेरीस अमेरिकी दप्तरात मांडण्यात आला. त्या हिशेबाची भाषा लक्षात घेण्याजोगी आहे. ५०९ विमानांची प्रकरणे ‘मिटलेली’ व ८१ विमानांची ‘खुली’, असे तीत म्हटले आहे. माणसांपैकी १,३१४ मृत, १,१७१ पायी चालत सुखरूप परतलेले आणि ३४५ बेपत्ता. त्या मार्गाविषयी लिहिणारे लेखक हे आकडे उद्धृत करतात. परंतु हे तीन वर्ग एका जातीचे नाहीत, ही गोष्ट सहसा विचारात घेतली जात नाही. मरण किंवा परतणे ही त्या त्या माणसाविषयीची वस्तुस्थिती होय. ‘बेपत्ता’ ही मात्र त्या माणसाविषयीची नसून, नोंद करणाराच्या ज्ञानाविषयीची वस्तुस्थिती होय. प्रस्तुत लेखात या भेदाचा पाठपुरावा करावयाचा आहे. तो केवळ शब्दार्थाचा भेद असता तर त्यासाठी इतकी पाने खर्ची घालण्याचे कारण नव्हते. कोणाची साक्ष इतिहासात दाखल झाली व कोणाची बाहेर राहिली, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

प्रथम स्थलकालाविषयी थोडेसे. एप्रिल १९४२मध्ये जपानी सैन्याने लाशिओ घेतले आणि ब्रह्मदेशातून चीनला जाणारा खुष्कीचा रस्ता बंद झाला. त्यानंतर नोव्हेंबर १९४५पर्यंत उत्तर आसामातील चबुआ, दिंजान, मोहनबारी इत्यादी विमानतळांवरून युन्नानमधील कुनमिंगकडे विमानांनी माल नेण्यात आला. एकूण माल सुमारे साडेसहा लक्ष टन भरला. वाटेतील पातकई, उत्तर ब्रह्मदेश व युन्नान येथील पर्वतरांगांच्या समुच्चयाला वैमानिक ‘हंप’, म्हणजे वशिंड, म्हणत. या मार्गावर शत्रूच्या विमानांपेक्षा हवामानाने अधिक बळी घेतले. ढग, पंखांवर साठणारे बर्फ, अचानक दिशा बदलणारे वारे, अपुरे नकाशे, आणि १९४३मध्ये पुरेशी पारख न होताच आणलेली ‘सी-४६’ जातीची विमाने, ही कारणे सर्वज्ञात आहेत. त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

विमान ठरल्या वेळी उतरले नाही म्हणजे कागदाचे काम सुरू होई. १९४३पासून अमेरिकी हवाई दलात बेपत्ता विमानकर्मचाऱ्यांसंबंधी एक ठरावीक अहवाल भरून पाठविण्याची पद्धत पडली. नोंद झाल्यापासून ४८ तासांच्या आत तो तयार व्हावा असा दंडक होता. त्यात विमानाचा क्रमांक, प्रत्येक इंजिनाचा क्रमांक, बंदुकांचे क्रमांक, हवामान, विमान शेवटी कोठे दिसले ते स्थान, आणि माणसांची नावे व निकटचे नातलग यांसाठी रकाने होते. दुसरीकडे ७ मार्च १९४२चा बेपत्ता व्यक्तींसंबंधीचा कायदा होता. त्यान्वये बेपत्ता माणसाचा पगार चालू राही व त्यातून त्याच्या कुटुंबाला रक्कम मिळत राही. बारा महिन्यांनंतर प्रकरणाचा फेरविचार होऊन मृत्यू गृहीत धरता येई. तेव्हा ‘बेपत्ता’ हा शब्द म्हणजे घरी येणारी तार होती, दरमहाची रक्कम होती आणि एक मुदतही होती. ती मुदत संपली म्हणजे माणूस सरकारच्या दृष्टीने मरे. घरच्यांच्या दृष्टीने तसे होत असेच असे नाही. या मार्गावर पती गमावलेल्या चिक मार्स क्विन या बाईंनी पुढे कित्येक वर्षांनी शेकडो अपघातांच्या नोंदी जमवून १९८९मध्ये त्यांचे एक जाडजूड पुस्तक सिद्ध केले. लष्कराच्या लेखी मिटलेले प्रकरण कुटुंबाच्या लेखी किती काळ खुले राहते, याचे ते पुस्तक हाच एक पुरावा आहे.

आता शब्दाकडे वळू. मराठीतील ‘पत्ता’ या शब्दाला दोन अर्थ आहेत : राहण्याचे ठिकाण आणि माग. फारसी ‘बे’ हा उपसर्ग लागून ‘बेपत्ता’ झाला म्हणजे दोन्ही अर्थ एकदम नाकारले जातात. पण ‘पत्ता लागणे’ या प्रयोगाकडे पाहावे. पत्ता लागतो तो कोणाला तरी. ‘मला त्याचा पत्ता लागला’ या वाक्यातील ‘मला’ हे पद चतुर्थीचे आहे आणि अर्थाच्या दृष्टीने अपरिहार्य आहे. ‘बेपत्ता’ या विशेषणात ते पद लोपते आणि जे एका विशिष्ट जाणत्याच्या संबंधाने खरे होते, ते सर्वांच्या संबंधाने खरे असल्यासारखे भासते. इंग्रजी ‘मिसिंग’ची गत निराळी नाही. तेव्हा बेपत्ता कोणास, हा प्रश्न इतिहासकाराने विचारलाच पाहिजे.

दि. २ ऑगस्ट १९४३ रोजी चबुआहून निघालेल्या एका ‘सी-४६’ विमानाचे इंजिन बंद पडले आणि त्यातील माणसांनी नागा टेकड्यांच्या पूर्व अंगास, ब्रह्मदेशाच्या सीमेलगत, हवाई छत्रीने उड्या टाकल्या. सहवैमानिक मरण पावला. वीस माणसे वाचली. त्यांत वार्ताहर एरिक सेव्हरीड व सेनापती स्टिलवेल यांचे राजकीय सल्लागार जॉन डेव्हिस हे होते. अपघातग्रस्तांत इतकी बडी माणसे नसती तर शोधाची एवढी तातडी झाली असती किंवा कसे, याची शंका येते. त्याच दिवशी शोधविमान आले, त्यातून सामान टाकण्यात आले, आणि लेफ्टनंट कर्नल फ्लिकिंजर हे वैद्य दोन साहाय्यकांसह स्वतः छत्रीने उतरले. मोकोकचुंगचा उपविभागीय अधिकारी फिलिप ॲडम्स नागा सोबत्यांसह तेथवर चालत आला, आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात ही मंडळी पायी मोकोकचुंगला पोहोचली. सेव्हरीडने १९४६मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मवृत्तात हा प्रसंग विस्ताराने वर्णिला आहे. त्यात आकाशातून आलेल्या मदतीला अर्थातच मोठे स्थान आहे.

परंतु शोधविमान येवो अथवा न येवो, अपघातग्रस्त माणूस जगतो की नाही याचा निर्णय पहिल्या काही तासांत जमिनीवर होतो. येथे ही जमीन पांगशाच्या परिसराची होती. हा भाग ब्रिटिशांच्या प्रत्यक्ष अंमलाबाहेरचा होता. शेजारच्या गावांवर धाडी घालून माणसे पळवून नेल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर १९३६मध्ये जे. पी. मिल्स यांनी आसाम रायफल्सच्या शिपायांसह पांगशावर स्वारी केली व गाव जाळले. मानवशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेन्डॉर्फ त्या स्वारीत बरोबर होते. म्हणजे ज्या मुलखाने गोऱ्यांच्या हातून गाव जळताना पाहिले होते, त्याच मुलखात सात वर्षांनी ही गोरी माणसे निःशस्त्रप्राय अवस्थेत उतरली. त्यांना तेथे आसरा व अन्न मिळाले. का मिळाले? उतरलेल्यांच्या लेखनात याचे उत्तर बहुधा ‘रानटी’ माणसांच्या अनपेक्षित चांगुलपणाच्या रूपाने येते. ते उत्तर अपुरे वाटते. पुन्हा गाव जाळले जाण्याचे भय, आकाशातून पडणाऱ्या मालाचे आकर्षण, पाहुण्यासंबंधीचे रिवाज, शेजारच्या गावांशी चाललेले राजकारण, असे अनेक हेतू त्यामागे संभवतात, आणि त्यांची निवड करण्यास लागणारी साक्ष खियामनिउंगन भाषेतच असू शकत होती. ती त्या वेळी कोणी टिपून घेतली नाही. त्या लोकांचे स्वतःचे हे नावसुद्धा तत्कालीन लेखनात आढळत नाही. तेथे ते ‘कल्यो-केंग्यू’ या परक्यांनी दिलेल्या नावाने वावरतात.

या अपघातानंतर, ऑक्टोबर १९४३मध्ये, चबुआ येथे कॅप्टन पोर्टर यांच्या हाताखाली शोध व बचावाची स्वतंत्र तुकडी उभी राहिली. पोर्टर स्वतः डिसेंबरमध्ये अशाच एका शोधमोहिमेत प्राणास मुकले. पुढे हे काम पुष्कळ सुधारले, हे वर दिलेल्या १,१७१ या आकड्यावरून दिसते. मात्र ‘चालत परत आले’ या क्रियापदात वाट दाखविणारा कोठेच नाही. पातकईच्या जंगलात परका माणूस एकटा चालत परत येत नाही. उत्तर ब्रह्मदेशात काचिनांनी शेकडो विमानकर्मचारी वाचविले. काही ठिकाणी मीठ, रुपये व कापड यांच्या मोबदल्यात हे काम झाले, हेही सांगितले पाहिजे. त्याने साहाय्याचे मोल कमी होत नाही, आणि गावकऱ्यांना देवमाणूस ठरविण्याची आवश्यकताही उरत नाही.

मोबदल्याचे वचन देणारी कापडी चिठ्ठी वैमानिक जवळ बाळगीत. लष्करी इंग्रजीत तिला ‘ब्लड चिट’ म्हणत. यातील ‘चिट’ हा शब्द हिंदुस्थानातून इंग्रजीत गेलेला, म्हणजे आपल्या ‘चिठ्ठी’चाच भाऊबंद आहे. हा माणूस मित्र आहे, त्यास साहाय्य करा, बक्षीस मिळेल, अशा आशयाचा मजकूर अनेक आशियाई भाषांत तीवर छापलेला असे. योजना स्तुत्य खरी. पण ती वाचणारा गृहीत धरते. ज्या गावांत लेखनाचा प्रघात नव्हता तेथे या बहुभाषिक चिठ्ठीचा उपयोग बहुधा चित्र व झेंडा एवढ्यापुरताच होता. खरा व्यवहार हातवाऱ्यांनी आणि असलाच तर एखाद्या दुभाष्याच्या मुखाने होई. ज्या ठिकाणी संभाषणाने माणसांचे प्राण वाचले, नेमक्या त्याच ठिकाणी लिखित साधने मुकी आहेत.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. दि. २५ जानेवारी १९४४ रोजी कुनमिंगहून चबुआकडे निघालेले ‘हॉट ॲज हेल’ नावाचे ‘बी-२४’ जातीचे विमान आठ माणसांसह नाहीसे झाले. शोध झाला, माग लागला नाही. २००६-०७च्या हिवाळ्यात क्लेटन कूल्स हा अमेरिकी गिर्यारोहक स्थानिक वाटाड्यांच्या साहाय्याने अरुणाचल प्रदेशातील दामरो गावाजवळच्या डोंगरात त्या अवशेषांपर्यंत पोहोचला. विमानाच्या भागांवरील क्रमांक जुन्या कागदांशी जुळले, आणि रकाने भरणाऱ्या त्या कारकुनी शिस्तीचे सार्थक झाले. भारत सरकारच्या अनुमतीने २००८मध्ये सुरू झालेले अमेरिकी शोधकार्य मध्यंतरी काही वर्षे थांबून २०१५मध्ये पुन्हा सुरू झाले. एप्रिल २०१६मध्ये अवशेष स्वदेशी नेण्यात आले व २०१७मध्ये त्यांतून एका लेफ्टनंटची ओळख पटली.

वृत्तपत्रांनी याला ‘शोध’ म्हटले. दामरो हे पादम आदी लोकांचे जुने, मोठे गाव आहे. आसपासचे डोंगर शिकारीच्या निमित्ताने त्यांच्या पायाखालचे. विमानांचा पत्रा या मुलखात घरोघर उपयोगात आला. ज्याचे तुकडे घरात आहेत ते विमान गावाच्या दृष्टीने बेपत्ता कसे म्हणावे? बेपत्ता झालेली होती ती त्या विमानाकडे जाणारी वाक्ये. आदी भाषेतील ज्ञान व इंग्रजीतील दप्तर यांच्यामध्ये साठ वर्षे कोणी दुभाष्या उभा राहिला नाही. येथील मनिलाच्या अमेरिकी दफनभूमीतील भिंतीवर ज्यांची नावे कोरली आहेत, त्यांच्यापैकी एखाद्याचे अवशेष सापडले तर नाव पुसत नाहीत. त्याशेजारी एक लहानसे धातूचे फूल बसवितात. भिंतीवरील यादी अशा रीतीने दुरुस्त होते. दप्तरातील यादीला तशी सोय नाही, आणि इतिहासग्रंथांतील आकडे तर १९४५चेच राहतात.

नोव्हेंबर २०२३मध्ये पासीघाट येथे या मार्गाचे संग्रहालय उघडले. गावागावांतून मिळालेले यंत्रभाग तेथे मांडलेले आहेत. वस्तू सापडतात, त्या प्रथम पाहणारी माणसे मात्र बहुतांशी काळाआड गेली आहेत, आणि आता जे ऐकावयास मिळते ते दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे कथन आहे. ते गोळा करावयास निघणाऱ्या विद्यार्थ्याने ‘विमान कोठे पडले?’ या प्रश्नाने आरंभ करू नये, असे सुचवावेसे वाटते. त्या प्रश्नाचे उत्तर ऐकणाऱ्याच्या अपेक्षेप्रमाणे मिळते. त्याऐवजी ओढ्यांची, उतारांची, शिकारीच्या तळांची नावे प्रथम उतरून घ्यावीत, प्रत्येक नाव कोणाच्या हयातीत पडले ते विचारावे, आणि कथन मूळ भाषेत, सांगणाराच्या शब्दांत, ध्वनिमुद्रित करून मगच त्याचे भाषांतर करावे. ८१ खुल्या प्रकरणांपैकी काहींचा पत्ता अशा एखाद्या ओढ्याच्या नावात असणे अशक्य नाही.