घडणावळीला मिळालेला मान

१९६१ च्या ऑक्टोबरअखेरीस लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये दागिन्यांचे एक मोठे प्रदर्शन भरले. १८९० पासूनच्या सत्तर वर्षांतले, अनेक देशांतून मागवलेले नऊशेच्या आसपास दागिने तिथे मांडले होते. सराफी दुकानाच्या काचेत ज्यांना जागा मिळाली नसती अशा वस्तू त्यांत पुष्कळ होत्या: खडबडीत सोने, पैलू न पाडलेले खडे, शिल्पकारांनी मेणात घडवून धातूत ओतलेली पदके. ब्रिटनमधल्या दागिन्यांच्या कलेने पुढच्या वीस वर्षांत जे वळण घेतले, त्याची सुरुवात इथे झाली. ते वळण पक्के केले ते स्पर्धांनी आणि बक्षिसांनी.

प्रदर्शनाचा आरंभ १८९० च्या दशकापासून करणे रास्तच होते. पॅरिसच्या रने लालीक यांनी त्याच काळात सोन्याच्या शेजारी शिंग, काच आणि मीना आणून बसवला. त्यांचा चतुर किड्याच्या रूपातल्या स्त्रीचा दागिना छातीवर लावायचा; पंख पसरले की रुंदी सव्वीस सेंटिमीटरहून जास्त. पंखांतला मीना मागून पत्रा न लावता भरलेला, त्यामुळे उजेड आरपार जातो. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लालीक यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. हा चतुर आता लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये असले काही करायला वावच उरला नव्हता. युद्धकाळात लग्नाची अंगठीसुद्धा सरकारी नमुन्याची, नऊ कॅरेटची निघाली. चैनीच्या वस्तूंवरचा खरेदी कर युद्धानंतर एका टप्प्यावर १२५ टक्क्यांपर्यंत चढला. एवढा कर भरून दागिना घेणारे गिऱ्हाईक खड्याचा आकार बघणार आणि पुढे मोडीत किती येतील याचा हिशेब करणार. साहजिकच कारागीर त्याच त्या हिऱ्यांच्या फुलांच्या फांद्या घडवत राहिले. हा हिशेब मराठी घरांनाही ठाऊक आहे. मोड द्यायला गेले की सोन्याचे पैसे परत येतात, घडणावळीचे येत नाहीत. म्हणून घासाघीस होते ती घडणावळीवर.

ही कोंडी फोडायला पुढे आली ती गोल्डस्मिथ्स कंपनी. १३२७ मध्ये राजाची सनद मिळालेली सोनारांची ही श्रेणी. सोने-चांदी तपासून शिक्का मारण्याचे काम १४७८ पासून तिच्या हॉलमध्ये चालते. आज आपल्या बिलावर ‘हॉलमार्क’ लिहिलेले असते, त्या पद्धतीची एक जुनी पेढी हीच. या कंपनीचे कलाविभागाचे सचिव ग्रॅहम ह्यूज यांनी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या साथीने १९६१ चे प्रदर्शन उभे केले. एलिझाबेथ फ्रिंक, बर्नार्ड मेडोज अशा शिल्पकारांना त्यांनी मेण देऊन दागिने घडवायला सांगितले. मेणाच्या नमुन्याभोवती साचा करायचा, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. पंचधातूच्या मूर्ती ओतण्याची आपल्याकडची जुनी रीत याच जातीची.

हे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांत अँड्र्यू ग्रिमा यांचा कारखाना होता. ग्रिमा यांचा जन्म १९२१ चा, रोममधला. शिक्षण यांत्रिकी अभियांत्रिकीचे. युद्धात ते ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते, आणि परतल्यावर सासऱ्यांच्या दागिन्यांच्या पेढीत हिशेबाच्या कामाला लागले. १९४८ मध्ये दोन भाऊ ब्राझीलहून आणलेल्या खड्यांची पेटी घेऊन पेढीवर आले. कटेला, सिट्रीन, टूर्मलीन, अ‍ॅक्वामरीन, तेही कधी न पाहिलेल्या आकाराचे. ग्रिमा यांनी सासऱ्यांना सगळी पेटी विकत घ्यायला लावली. हे खडे हिऱ्यामाणकांच्या मानाने स्वस्त होते. तेव्हा दागिन्याला मोल आणायचे तर ते रचनेतून आणि घडणीतूनच आणावे लागणार होते.

स्पर्धांनी ही गोष्ट सगळ्यांपुढे मांडली. डी बीअर्स कंपनीने १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय हिरे पारितोषिके सुरू केली. हिरे विकणाऱ्या कंपनीची ही स्पर्धा, म्हणजे दागिन्यात हिरा हवाच. पण ग्रिमा यांच्या हातात हिरा दुय्यम होई. खरखरीत सोन्याच्या तारा, साली, पाने यांच्यामध्ये तो ठिणगीसारखा कुठेतरी चमके. हे पारितोषिक त्यांना दहाहून अधिक वेळा मिळाले. १९६६ मध्ये तर ड्यूक ऑफ एडिंबरा यांच्या नावाचे सुरेख रचनेचे पारितोषिक त्यांच्या दागिन्यांना लाभले. १९५९ मध्ये, पहिल्या वर्षी, ते एका घरगुती फ्रिजला दिले गेले होते. दागिन्यांच्या वाट्याला ते ग्रिमा यांच्यामुळेच पहिल्यांदा आले. १९६६ मध्येच राजपुत्र फिलिप यांनी कोरीव माणकांचा, सोन्याचा ग्रिमा यांचा ब्रोच राणीला भेट दिला, आणि राणी तो पुढे अनेक वर्षे वापरत राहिली.

ग्रिमा यांचे साचे कुठून येत हे पाहण्यासारखे आहे. पेन्सिलीला टोक करताना निघालेल्या सालींवरून त्यांनी सोन्याचा ब्रोच ओतला. राजकन्या मार्गारेट यांनी बालमोरलच्या माळावरचे लायकेन, म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यात पडणाऱ्या दगडफुलाचेच भावंड, गोळा करून पाठवले; त्याचाही ब्रोच झाला. ओतकामात दगडफुलाची प्रत्येक सुरकुती सोन्यात उतरते. मात्र ती साफ करणे, डाग देणे आणि खडा कोंदणात बसवणे हे हाताचेच काम.

त्याच पिढीतल्या गेर्डा फ्लॉकिंगर यांनी वेगळी वाट धरली. इन्सब्रुकमध्ये १९२७ साली जन्मलेल्या या कारागीर सोने आणि चांदी अशा बेताने तापवत, की पृष्ठभाग नुकता वितळू लागे आणि आकार मात्र मोडत नसे. ज्योत क्षणभर जास्त राहिली तर काम वाया जाई. १९६२ पासून त्यांनी लंडनच्या हॉर्नसी कला महाविद्यालयात हे शिकवले, आणि १९७१ मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने त्यांचे प्रदर्शन भरवले. वेंडी रॅमशॉ यांच्या अंगठ्यांना १९७२ मध्ये ब्रिटनच्या औद्योगिक रचना परिषदेचे पारितोषिक मिळाले. लेथवर कातलेल्या अनेक बारीक अंगठ्यांचा संच एकाच बोटात घालायचा, आणि क्रम घालणारीने ठरवायचा. बोटातून काढल्या की त्या त्यांच्याच स्तंभावर रचून ठेवायच्या.

लंडनमध्ये ही बक्षिसे वाटली जात असताना भारतातले सोनार मात्र हवालदिल होते. चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण आणले आणि नवे दागिने चौदा कॅरेटपुरते मर्यादित केले. बावीस कॅरेटच्या मऊ सोन्यावर बसलेला हात चौदा कॅरेटच्या ताठ मिश्रणावर चालेना, आणि गिऱ्हाईकही फिरकेना. हजारो घरांतल्या भट्ट्या थंडावल्या. चौदा कॅरेटची अट पुढे सैलावली, पण सुवर्ण नियंत्रण कायदा जायला १९९० साल उजाडले. ब्रिटनच्या करानेही धंदा गळपटला होता. तिथे त्याला सावरायला एक जुनी, सधन श्रेणी पाठीशी होती. भारतातल्या सोनारामागे तशी संस्था उभी नव्हती.

ग्रिमा यांचे नाव जगभर झाले, पण त्यांची रेखाटने सोन्यात उतरवणारे हात त्यांच्या कारखान्यातल्या कारागिरांचे होते. दागिन्यावरच्या शिक्क्यात पेढीची खूण असते, मजुराची नसते. त्यासाठी लंडनमध्ये १९०८ पासून चालत आलेली एक वार्षिक स्पर्धा आहे. ती घेणाऱ्या संस्थेचे आजचे नाव गोल्डस्मिथ्स क्राफ्ट अँड डिझाइन कौन्सिल. तिथे रेखाटनाला वेगळे बक्षीस असते आणि प्रत्यक्ष हातकामाला वेगळे: कोरीवकाम, मीनाकाम, ठोककाम, खडे बसवणे, अशा एकेका कसबासाठी. शिकाऊ उमेदवारही त्यात उतरतात, आणि निकालात ज्या हाताने काम केले त्याचे नाव छापले जाते.