परिटाची भट्टी
यंत्राची कळ दाबताच आज गृहिणी दुसऱ्या कामास मोकळी होते. परंतु धुण्याचे श्रम वाचविण्याची विद्या यंत्राबरोबरच आली, असे मानणे हा आमच्या पूर्वजांवर अन्याय होय. मळके कपडे खाराच्या पाण्यात भिजवून ते रात्रभर भट्टीच्या वाफेवर ठेवीत. वाफेने मळ आधीच सैल होई व दगडावरील आपटणे हलके होई. अनेक घरांचे कपडे एकत्र पडत, तरी बिब्ब्याच्या खुणेने प्रत्येक कपडा आपल्या घरी परते. १८९० च्या सुमारास महालक्ष्मीचा धोबीघाट बांधला गेला व मुंबईच्या चाकरमान्या कुटुंबांची सोय झाली. त्या सोयीसाठी आमचे वाडवडील मात्र गुडघाभर पाण्यात उभे राहिले. याच समाजात जन्मलेल्या गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) हाती खराटा घेऊन गावे झाडली. स्वच्छतेचे काम हलके नव्हे, हे त्यांनी कृतीने शिकविले. आमच्या मुलांनी हा धंदा सोडला, याचा आम्हांस खेद नाही. पण वृद्धांना विचारून भट्टीची रीत व त्या खुणांचे अर्थ आम्ही लिहून ठेविले नाहीत, तर तो दोष आमचाच ठरेल.